सांवलींतला हंसराज

शनिशिंगणापुरास घरांना कवाडें न लावण्याची चाल आणि शनिदेवाचा उघडा चौथरा या दोन गोष्टी सर्वश्रुत आहेत. जवळच्या कडुनिंबाची फांदी देवावर सांवली धरूं लागली, कीं ती गळून पडते, असें तेथील भाविक मानतात. अशा गांवीं, ज्याला उन्हाची झळ सोसत नाहीं तो हंसराज लावावयास निघणें हा हट्टच. पण तो अगदींच वेडा हट्ट नव्हे.

हंसराज या जिल्ह्याला परका नाहीं. पश्चिमेस अकोले तालुक्यांत, रतनगड-भंडारदऱ्याकडे, पावसाळ्यांत ओल्या दरडींवर तो आपोआप उगवतो. त्याच डोंगरांत उगम पावलेली प्रवरा, भंडारदऱ्यास १९२६ सालीं पुरें झालेलें धरण ओलांडून, नेवासें तालुक्यांत गोदावरीस मिळते. शिंगणापूर याच तालुक्यांतलें. नदी येथवर येते, पाऊस मात्र घाटमाथ्यावरच सरतो. म्हणून पठारावर हंसराज शोधावा तो जुन्या चुनेगच्ची विहिरींत. तेथें सांवली, ओलावा आणि चुना त्याला आयताच मिळतो.

त्याचा देंठ केसासारखा बारीक, काळा, चकचकीत. फूल नाहीं, बी नाहीं. पानांच्या मुडपलेल्या कडांखालीं धुळीसारखीं बीजुकें असतात. पानावर पाणी शिंपडावें तर थेंब घरंगळून जातो. ग्रीक भाषेंत त्याचें नांव ‘न भिजणारा’ अशा अर्थाचें आहे. आणि ओलावा नसला तर हाच प्रथम मान टाकतो!

निव्वळ काळ्या मातींत तो लावूं नये. पाणी सांचून मुळें कुजतात. पानांचें कुजलेलें खत, जाडी वाळू, विटांचे तुकडे आणि जुन्या चुन्याचे थोडे खडे यांनीं कुंडी भरावी, कंद खोल पुरूं नये. जागा उत्तरेकडील भिंतीच्या आडोशाची, रांजणाजवळची असावी. उन्हाळ्यांत कुंडी मोठ्या पसरट भांड्यांत, ओल्या वाळूंत ठेवावी. वाऱ्याची झळ उन्हाइतकीच घातक असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

विहिरींतून मात्र सबंध झुबका ओरबाडूं नये. पाण्याची पातळी खोल जाऊन कित्येक विहिरी कोरड्या पडत आहेत. तेथें उरलेला हंसराज पुन्हा येईलच असें नाहीं. पावसाळ्यांत मुळासकट लहानसा तुकडा पुरे.

वैशाखांत पानें करपलीं म्हणजे लोक कुंडी रिकामी करितात. ही घाई नडते. वाळलेलीं पानें बुडाशीं कापावीं, माती किंचित् ओली ठेवावी. कंद जिवंत असला तर मृगाच्या सरींनंतर मातींतून गुंडाळलेले कोंवळे शेंडे वर येतात.