हत्यारांची गर्दी



युनियनच्या कचेरीत कामगारांची मुले 'पायथॉन' शिकतात, तेव्हा आम्हीही मागच्या बाकावर बसतो. भाषेपाशी ती अडत नाहीत. दुसऱ्याने लिहिलेला तयार भाग आपल्या संगणकात बसवताना अडतात. २००४ साली 'सेटअपटूल्स' आले, २००८ साली 'पिप', मग 'कोंडा', 'पोएट्री', २०२४ साली 'यूव्ही'. प्रत्येकाने आधीच्याची उणीव भरली, हे कबूल. पण नवख्याने कोणते उचलावे? गिरणीत बदलीवाल्याला साचा दाखवायला शेजारचा जाणता तरी असे!

एक पोरगी आठवडाभर झगडली आणि "मला डोकेच नाही" म्हणून उठून गेली. डोके शाबूत होते. धडा शिळा होता. त्यातले 'डिस्टयूटिल्स' २०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून काढूनच टाकलेले. तिला आम्ही परत बोलावली आहे. या खेपेस एकच हत्यार हाती द्यायचे ठरले आहे.