टायर पाहा, मगच गाडी काढा



आज मी ट्रकच्या टायरविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आमच्यात ड्रायव्हर किती? थोडेच. पण उसाच्या हंगामात ट्रकवर बसून जाणारे पुष्कळ. खरे तर मालाच्या गाडीवर माणसे बसवूच नयेत. पण मुलेबाळे, भांडीकुंडी घेऊन लोक बसतात. म्हणून हे सर्वांनीच ऐकावे.

मी पुष्कळ वर्षे ट्रक चालवला. एकदा निघायच्या वेळी क्लीनर पोरगा म्हणाला, "काका, पुढच्या डाव्या टायरला टेंगूळ आलंय." मी हात लावला. लिंबाएवढा फुगा होता. मालकांना सांगितले. ते म्हणाले, "हवा धरून आहे ना? मग एवढी खेप मारून ये."

मीही निघालो. सात-आठ किलोमीटरवर टायर फुटला. गाडी डावीकडे ओढली गेली आणि चारीत शिरली. मी वाचलो. पोराचा हात मोडला. त्याने आधीच सांगितले होते, हे मला अजून टोचते.

फुगा का येतो? टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत दोऱ्यांचे किंवा पोलादी तारांचे थर असतात. हवेचा जोर ते थर धरून ठेवतात. रबर हे वरचे कातडे. पोत्याची वीण एका जागी तुटली, की धान्य तिथूनच बाहेर येऊ पाहते. टायरचेही तसेच. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटले किंवा थर सुटले. हवा टिकली तरी तो टायर गेला असे समजा.

आता टायर कसा पाहावा ते सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग पाहा.

१. बाजूवर फुगा आहे का? असला तर गाडी काढू नका.

२. चीर पडली आहे का? नुसते रबर खरचटले असेल, तर जाणत्या माणसाला दाखवा. चिरेत दोरा किंवा तार दिसली, तर टायर उतरवा.

३. नक्षी किती उरली? नक्षीच्या खाचांत रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला.

४. मागच्या जोडचाकांत दगड अडकला आहे का? असला तर काढा.

५. हवा बरोबर आहे का? टायर थंड असताना मीटर लावून पाहा. काठी मारून नेमके कळत नाही. हवा कमी असली की टायर फार वाकतो, तापतो आणि आतून तुटतो. कमी हवेवर गाडी चालली असेल, तर टायर उतरवून आतून तपासा. तसाच भरू नका. भरताना फुटला तर समोरचा माणूस जातो.

टायर केव्हा बनला तेही वाचता येते. बाजूवर चार इंग्रजी आकडे असतात. समजा, २३२२ आहेत. तर तो २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी असली तरी जुने रबर तडकते. तुम्ही आता आकडे शिकलात. ते इथे कामी आणा.

काही जण म्हणतात, "खराब टायर मागे लावू." तेही खोटे समाधान आहे. जोडीतला एक फुटला, की त्याचेही ओझे दुसऱ्यावर येते. मग तोही तापून फुटू शकतो.

टायर महाग आहे, हे खरे. पण हात-पाय विकत मिळत नाहीत. रबर खरचटले तर विचारा. दोरा तुटला तर थांबा. अशा टायरवर गाडी न काढणे हा कामचुकारपणा नव्हे. आणि लहान पोराने जरी "काका, टायर बघा" म्हटले, तरी खाली उतरून बघा. मी उतरलो, पाहिले, आणि तरीही निघालो. तुम्ही तसे करू नका.