फुकटचं, पण हक्काचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लाखांदूर, पवनी किंवा मोहाडीकडच्या एखाद्या गावात राहणाऱ्या माणसाला कादंबरी विकत घ्यायची झाली, तर काय करावं लागतं? तालुक्याच्या दुकानात बहुधा वह्या, गाईड आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. भंडाऱ्याला, नाहीतर थेट नागपूरला जायचं, म्हणजे पुस्तकाच्या किमतीत एसटीचं भाडं आलंच. आता मात्र घरोघरी मोबाईल आहे. काहींकडे पुस्तकं वाचण्यासाठीच बनवलेलं ई-रीडर हे यंत्रही आहे. त्यात शेकडो पुस्तकं मावतात. प्रश्न एवढाच, की चांगली मराठी पुस्तकं त्यात आणायची कुठून, आणि तीही पैसे न मोजता?

फुकट मिळणारी पुस्तकं तीन तऱ्हेची असतात. हक्काची मुदत संपलेली, देणाऱ्यानं राजीखुशीनं दिलेली आणि चोरलेली. पहिल्या दोन तऱ्हांतच इतकं वाचायला आहे, की तिसरीकडे वळायचं कारण नाही.

आधी मुदतीचं पाहू. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्याचे हक्क संपायची वेळ आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. मोजणी निधनानंतरच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ साली गेले. गडकऱ्यांचा शेवट तर आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेरला झाला. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ सालचं आहे. हे सगळं आता आपलंच आहे. आचार्य अत्रे मात्र १९६९ साली गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी २०३० साल उजाडावं लागेल.

एक सावधगिरी हवी. मूळ लेखक जुना असला, तरी अनुवाद नवा असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. नव्या प्रस्तावनेचं आणि चित्रांचंही तसंच.

मुदत संपलेली पुस्तकं शोधायला पहिलं ठिकाण म्हणजे मराठी विकिस्रोत. इथं स्वयंसेवक जुनी पुस्तकं टंकलिखित करतात, मुद्रितं तपासतात. शरद जोशी यांची शेतकरी संघटनेवरची पुस्तकंही तिथं आहेत. धानाच्या भावाची चिंता करणाऱ्या आपल्या भागात ती जरूर वाचावीत. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ ग्रंथांच्या प्रती संगणकावर आणल्या आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर तर जुन्या मराठी पुस्तकांचा ढीगच आहे, पण तिथं कुणीही काहीही चढवू शकतो. तेव्हा लेखकाचं साल पाहूनच पुस्तक घ्यावं.

आता राजीखुशीनं दिलेली पुस्तकं. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं पुस्तकं वाटतं. मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक उपलब्ध आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ते उतरवून घ्यावेत.

पुस्तक उतरवताना त्याचा प्रकार पाहा. पीडीएफ म्हणजे पानाचा जणू फोटो. तो लहान पडद्यावर आला की अक्षरं मुंगीएवढी होतात. यंत्र आडवं धरलं तर थोडं सुसह्य होतं. ईपब प्रकारात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप जुळतात. चाळिशी लागलेल्यांनी शक्यतो ईपबच घ्यावं. विकिस्रोतावर तशी सोय आहे. आणि ई-रीडर नसला तरी बिघडत नाही, साध्या मोबाईलवरही हे सगळं वाचता येतं.

राहिली तिसरी तऱ्हा. व्हॉट्सअ‍ॅपवर कालपरवा प्रकाशित झालेल्या कादंबरीची पीडीएफ येते आणि आपण ती पुढे ढकलतो. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं लागतात. आपल्या झाडीपट्टीतला लेखक तर पुष्कळदा पदरमोड करून पुस्तक छापतो. त्याच्या शंभर प्रती अशा फुकट फिरल्या, तर पुढचं पुस्तक तो कशाच्या बळावर काढणार? आणि त्यानं लिहिणं थांबवलं, तर झाडीबोलीत दुसरं कोण लिहिणार आहे?

झाडीबोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचलं. अशी पुस्तकं थोड्या प्रतींत निघतात आणि संपली की दिसेनाशी होतात. ज्या लेखकांची जुनी पुस्तकं आता बाजारात नाहीत, त्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी ती स्वखुशीनं मोफत खुली करावीत, अशी माझी विनंती आहे. विकिस्रोतासारख्या ठिकाणी ती कायमची राहू शकतात. गावोगावच्या वाचनालयांनीही कपाटातली जुनी पुस्तकं तपासावीत. ज्यांची मुदत संपली आहे, त्यांची यादी करावी. वाळवी लागण्याआधी एवढं झालं, तरी पुष्कळ वाचेल.

आपण वाचकांनी काय करायचं? मुक्त झालेलं मनसोक्त वाचायचं, हयात लेखकाचं पुस्तक मात्र जमेल तेव्हा विकत घ्यायचं, नाहीतर वाचनालयातून आणायचं. आणि पुढच्या वेळी कुणी पीडीएफ पाठवली, तर आधी लेखकाचं नाव आणि साल पाहायचं.