मोटारसायकलचा तोल
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून नाट्यसंगीत, संतवाङ्मय आणि इतिहास यांवर व्याख्याने होत आली, तेथे मोटारसायकलच्या स्प्रिंगांविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचा संसार प्रथम दोन चाकांवरच चालला आहे. नोकरीनिमित्त परप्रांती आलेला तरुण पहिल्या बचतीतून जे वाहन घेतो, त्यावर पुढे पत्नी बसते, मग मूल, मग सणासुदीचे सामान. ओझे वाढत जाते. वाहन मात्र दुकानातून आले त्याच मांडणीत धावत राहते. आता तर आपली मुले-मुली दुचाकीवरून लडाख-स्पितीपर्यंत जातात. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नसून जिवाच्या काळजीचा आहे, असे आम्ही मानतो.

शॉक ॲब्सॉर्बर हे कंबरेला हिसके बसू नयेत एवढ्याचसाठी असतात, हा समज अपुरा आहे. त्यांचे पहिले काम चाक रस्त्याला लागून ठेवणे हे होय. टायर जमिनीवरून उचलला गेला, की त्या क्षणापुरता त्या चाकाचा ब्रेक लागू पडत नाही आणि वळणावर पकडही राहत नाही. स्प्रिंग भार तोलते आणि तेल हालचालीला आवर घालते. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाताना उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. तेलाने आवरलेला, नळीत नळी सरकणारा पुढचा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या मोटारसायकलला बसविला. १९४९ साली बाजारात आलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटला मागील चाकासाठीही दोन शॉक ॲब्सॉर्बर होते, आणि १९५५ साली मद्रासला निघालेल्या कंपनीमुळे ती गाडी आपल्या रस्त्यांवर रुळली. साधने जुनी आहेत. ती आपल्या वजनाला जुळवून घेण्याची सवय मात्र आपल्याकडे फारशी रुजली नाही.

जुळवणीचा आरंभ मोजमापाने करावा. गाडी धरून मागील चाक अधांतरी उचलावे आणि चाकाच्या आसापासून सरळ वर, सांगाड्यावरील एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मग चाक टेकवून, चालकाने हेल्मेट-जाकिटासह आपल्या नेहमीच्या बैठकीत बसावे आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरकाला कारागीर ‘सॅग’ म्हणतात. आम्ही त्यास ‘दब’ म्हणू. रस्त्यावरच्या सर्वसाधारण मोटारसायकलला तो ३० ते ४० मिलीमीटर, म्हणजे चाकाच्या एकूण चालीच्या सुमारे एक-तृतीयांश असावा. २०१६ साली आलेल्या हिमालयनसारख्या गाडीत मागील चाकाची चाल १८० मिलीमीटर आहे. तेथे ३०-४० चा आकडा न धरता प्रमाण धरावे. दब फार कमी असेल, तर खड्डा आला असता चाकास खाली उतरण्यास वाव राहत नाही. दब फार असेल, तर प्रत्येक धक्क्याला गाडी तळाला आपटते.

दब कमी-जास्त करण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरच्या बुडाशी खाचांचे कडे असते. ते आकड्याच्या पान्याने फिरविले, की स्प्रिंगला आधीच थोडा दाब मिळतो. याने स्प्रिंग कडक होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जी स्प्रिंग १ मिलीमीटर दाबण्यास २ किलो भार लागतो, तिला पुढच्या प्रत्येक मिलीमीटरासही तेवढाच लागतो. बदलते ती केवळ गाडीची उभी राहण्याची उंची. स्वार बसल्यावर दब योग्य येतो, पण तो उतरताच गाडी पूर्ण वर जाऊन ताठ उभी राहते आणि स्वतःच्या वजनाने जराही दबत नाही, असे दिसले तर स्प्रिंगच त्या स्वारास मऊ आहे, ती बदलावी. दोन शॉक ॲब्सॉर्बर असतील, तर दोन्ही कडी एकाच खाचेवर हवीत, हे विसरू नये.

आता मागे पत्नी व सामान बसले असे समजू. बैलगाडीत ओझे मागे गेले की ती उलार होते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. मोटारसायकलचेही तसेच आहे. मागचा भाग बसतो, पुढचे चाक हलके पडते, हँडल वळणास आळसते आणि दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी मागील कडे दोन-तीन खाचा चढवावे, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टायरमधील हवा वाढवावी, आणि ओझे उतरल्यावर दोन्ही पूर्ववत करावे.

दब साधल्यावर तेलाच्या आवराकडे वळावे. तो बदलण्याचा स्क्रू ज्या गाडीस असेल, तिच्यापुरतेच हे लागू आहे. परतीचा आवर कमी पडला, तर खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलते. तो फार झाला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली येण्यास अवसर मिळत नाही आणि गाडी पायरीपायरीने बसत जाते. हाताने दाबून सोडल्यावर ती एकदा वर यावी आणि स्थिरावावी, ही ढोबळ कसोटी होय.

उरला प्रश्न उंचीचा. हँडलच्या आसाची रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात, आणि गाडी सरळ राहते ती बरीचशी त्याच्या बळावर. दोन चाकांतील अंतर १४०० मिलीमीटर धरले, तर एक बाजू सुमारे २४ मिलीमीटर उंच वा नीच केल्याने हँडलचा कोन १ अंशाने बदलतो आणि ट्रेल सुमारे ६ मिलीमीटरने. पुढचा भाग खाली किंवा मागचा वर केला, की गाडी चपळ वळते, पण वेगात अस्थिर होऊ लागते. उलट केले, तर स्थिर पण जड होते. म्हणून फोर्कच्या नळ्या सरकवायच्या, तर एका वेळी ५ मिलीमीटरहून अधिक नको, दोन्ही नळ्या समान हव्यात, आणि फोर्क पूर्ण दबला असता चाक कशालाही घासत नाही, याची खात्री मिस्त्रीकडून करून घ्यावी.

पाय टेकत नाहीत म्हणून गाडी बुटकी करण्याचा मोह होतो. केवळ मागची बाजू उतरविली, तर वर सांगितलेला दोष कायमचा जडतो. दोन्ही बाजू उतरविल्या, तरी जमिनीपासूनचे अंतर घटते, वळणात पायटेकण्या घासतात, आणि बाजूचे स्टँड तुलनेने लांब पडून उभी गाडी कलंडते. उंची अडचणीची असेल, तर प्रथम आसनाचा फोम कमी करवून पाहावा. त्याने तोलाचे गणित फारसे बिघडत नाही.

या सर्वांच्या आधी टायरची हवा, हँडलचा कोनसेट, मागील दांड्याचे बुश आणि फोर्कमधील तेल तपासावे. ते नादुरुस्त असता स्प्रिंगशी खेळणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा, ओळखीच्या त्याच रस्त्यावर सावकाश फिरून पाहावे, मगच पुढे जावे. ‘पी हळद आणि हो गोरी’ हा न्याय येथे चालत नाही.

शेवटी एक सूचना. हे मोजमाप एकट्याने होत नाही. एकाने बसावे लागते, दुसऱ्याने गाडी धरावी लागते आणि तिसऱ्याने टेप लावावी लागते. परमुलखात हाकेसरशी अशी तीन माणसे मिळावीत, याचसाठी आपल्या पूर्वसूरींनी मंडळ उभे केले. कोणी कुटुंब घेऊन वा एकटा लांबच्या प्रवासास निघणार असेल, तर आदल्या रविवारी त्याची गाडी मंडळाच्या अंगणात यावी आणि आपण सर्वांनी मिळून ती जोखावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.