कर्ता गेला म्हणून घर मोडू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकीत कापसाचा भाव निघतो, ज्वारीचा निघतो, कर्ज निघते, वीज निघते. आज थोडा वेळ एका वेगळ्या हिशेबाला देऊ. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या लेकरांचे काय होते, तो हा हिशेब.

कोणी विष घेतो, कोणाला साप चावतो, कोणी विहिरीत जातो. तेरावे झाले की भाऊबंद बसतात. सातबारावर बाईचे नाव नाही, हातात मजुरीशिवाय काही नाही. मग ठरते : थोरला मामाकडे, मधली वसतिगृहात, धाकटा आईजवळ. बसलेल्यांत कोणाचाच हेतू वाईट नसतो. पोटाला मिळेल, शाळा होईल, असेच सगळ्यांना वाटते. पण ज्या लेकरांचा बाप गेला, त्यांची त्याच महिन्यात आईही सुटली आणि भावंडेही सुटली, हे कोणी मोजत नाही.

मिरचीचे रोप वाफ्यातून काढून लावता येते. महिन्याची कपाशी उपटून दुसऱ्या वावरात लावायला आपल्यापैकी कोणी जाईल का? तिचे सोटमूळ तुटते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लेकराचेही तसेच आहे.

सरकारने लेकरे पोसली तर काय होते, याचा अनुभव जगाने युरोपातल्या रुमानियात घेतला आहे. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. मुले जास्त जन्माला घाला, झेपली नाहीत तर सरकारी बालगृह आहेच, असा कारभार. १९८९ साली ती राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून जास्त मुले निघाली. त्यातल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते! घरात गरिबी होती, एवढाच त्या लेकरांचा गुन्हा. पुढे २००० सालापासून बुखारेस्ट शहरात संस्थांतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. घर मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि माणसाला जीव लावण्याची ताकद, दोन्ही सुधारले. दोन वर्षांची होण्याआधी घर मिळाले, त्यांचे जास्त सुधारले. छप्पर आणि ताट म्हणजे घर नव्हे, हे तिथे सिद्ध झाले.

आपला २०१५ सालचा बाल न्याय कायदाही हेच म्हणतो : मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. मग पहिला उपाय कोणता? आईच्या हाताला बळ देणे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेले मूल घरातच वाढावे म्हणून ती मदत करते. २०२३ साली तिची रक्कम एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये झाली. ही भीक नव्हे. तेच लेकरू बालगृहात गेले तर सरकार खर्च करतेच. तो खर्च आईच्या घरात व्हावा, एवढेच आपले म्हणणे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, आदेश बाल कल्याण समिती देते.

आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक लेकरू घरातच ठेवा. घरातच मारहाण होत असेल, लेकराच्या अंगावर वाईट हात पडत असेल, तर त्याला बाहेर काढणे हाच धर्म. आईबाप दोघेही नसतील तर आधी आजी, मामा, काका पाहा. भावंडांची ताटातूट करू नका. वसतिगृहात ठेवावेच लागले तर दर महिन्याला भेटायला जा, सणाला घरी आणा.

आणखी एक. तान्हे मूल परस्पर कोणाला ‘देऊन टाकणे’ हे दत्तक नव्हे, तो गुन्हा आहे. आईला मूल सोडावेच लागले तर बाल कल्याण समितीपुढे सोडता येते, आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. हरवलेले, टाकलेले मूल दिसले तर चोवीस तासांच्या आत १०९८ वर किंवा पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आता काम. प्रत्येक गावच्या शाखेने आपल्या गावातल्या अशा घरांची यादी करावी. तेराव्याच्या बैठकीला आपला एक माणूस आणि एक बाई हजर असावी. तलाठ्याकडे वारसनोंद लावून सातबारावर त्या बाईचे आणि लेकरांचे नाव चढेपर्यंत पाठ सोडू नये. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते एवढे जमवून तिच्याबरोबर जिल्ह्याला जावे. हप्ता रखडला तर पुन्हा जावे. एकटी बाई कचेरीच्या दारात दोनदा जाते आणि तिसऱ्यांदा मजुरी बुडते म्हणून जात नाही. तिसऱ्यांदा तिच्याबरोबर आपण असले पाहिजे.

पुढच्या बैठकीला भावाच्या आकड्यांबरोबर ही यादीही घेऊन या.