रोदँची कात्री



शिल्पकार रोदँ म्हटलं की हनुवटीला हात लावून बसलेला तो ब्राँझचा 'थिंकर' डोळ्यांपुढे येतो. आज मी त्याच्याकडे वळणार नाही. पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात त्याची सात हजारांहून अधिक रेखाटनं आहेत. त्यांतल्या उत्तरायुष्यातल्या कागदांना शिल्पाची पूर्वतयारी समजून बाजूला सारणं हा मला मोठा अन्याय वाटतो. त्या कागदांवर शिल्पकारच काम करतो आहे.

मॉडेलला तो एका जागी बसवून ठेवत नसे. ती हिंडे, वाके, लोळे. रोदँची नजर तिच्यावरून हलत नसे आणि कागदाकडे न बघता पेन्सिल चाले. पाऊल कागदाबाहेर गेलं तर जाऊ दे! मग त्यावर दुसरा कागद ठेवून रेषा नितळ करून घ्यायची, जलरंगाचा पातळ हात फिरवायचा. आणि चित्र पुरं झालं असं आपण म्हणू, तिथे हा माणूस कात्री उचलतो. कडेकडेने कापत आकृती कागदातून सोडवतो.

कातरलेल्या आकृतीच्या पायांखालची जमीन जाते. उभी बाई आडवी ठेवली की तरंगते, उलटी धरली की कोसळते. दोघी जवळ सरकवल्या की मिठी होते. प्लास्टरमध्ये रोदँ हेच करत आला होता. 'गेट्स ऑफ हेल' या शिल्पदारासाठी घडवलेला कोसळता पुरुष आणि उकिडवी बाई एकत्र जोडून त्याने 1882च्या सुमारास 'मी सुंदर आहे' हे शिल्प केलं. त्याच दाराच्या माथ्यावरच्या तीन छाया म्हणजे एकच पुतळा तीनदा, निरनिराळ्या कोनांतून. साच्यातून तोच देह पुन्हा काढता येतो, तशी ट्रेसिंगमधून तीच रेषा. कात्री हे त्याचं आणखी एक शिल्पहत्यार होतं.

हलत्या देहाचं हे वेड त्याला नर्तकींपर्यंतही घेऊन गेलं. 1906च्या जुलैत कंबोडियाच्या राजनर्तकी पॅरिसला आल्या. पासष्ट वर्षांचा रोदँ त्यांच्यामागे थेट मार्सेयला गेला आणि सुमारे दीडशे रेखाटनं करून परतला. नृत्याची हीच ओढ त्याला पुढे आपल्या नटराजापर्यंत घेऊन आली. मद्रासच्या संग्रहालयातल्या मूर्तींची केवळ छायाचित्रं पाहून त्याने त्यावर लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1921 साली छापलं गेलं.

कोलाजची गोष्ट आपण बहुधा पिकासो आणि ब्राक यांच्या 1912च्या चिकटकामापासून सांगतो आणि मातिसच्या कातरकामाशी पोचतो. रोदँची कात्री या दोन्हींच्या आधी चालली होती. त्या गोष्टीत तिला जागा मिळायलाच हवी.

उजेडाने कागद खराब होतो, म्हणून ही रेखाटनं कायम भिंतीवर नसतात. पॅरिसला गेलात तर बागेतली ब्राँझची शिल्पं पाहाच. पण सध्या कोणती रेखाटनं लावली आहेत, हेही तिथे आवर्जून विचारा.