उलटा डोंगर

डोंगरावर जाणाऱ्या माणसाला डोंगर स्वतःच एक सवलत देत असतो. राजगडाकडे किंवा तोरण्याकडे निघालेल्या मंडळींचा चढ सकाळच्या गारव्यांत, ताज्या पायांनीं होतो. दम लागला तर वाटेंतूनच मागें फिरतां येतें, आणि परतीची वाट उताराची असते. अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांतील ग्रँड कॅन्यन या तांबड्या खडकांच्या घळींत हा हिशेब नेमका उलटा होतो. तेथें प्रवासी आधीं उतरतो. उतार पायांना सोपा वाटतो, मनाला हुरूप येतो आणि आपण किती खालीं आलों याची शुद्ध राहत नाहीं. चढ पुढें वाढून ठेवलेला असतो. तोहि बहुधा दुपारच्या उन्हांत, थकलेल्या पायांनीं चढावयाचा. तेथें हौसेनें जाणाऱ्यानें सहलीचें बाकीचें शास्त्र विसरलें तरी एक वेळ चालेल. ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

ही घळ कोलोरॅडो नदीनें कोरली. तिची लांबी २७७ मैल आणि खोली सुमारें एक मैल आहे. वरच्या कांठावरचा चुनखडक सुमारें २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा काळसर खडक १७० कोटींहून अधिक वर्षांचा आहे. म्हणजे खालीं उतरणारा माणूस एका दिवसांत कालाचे केवढे तरी थर ओलांडून जातो. मध्यावर जी लालभडक भिंत दिसते तिची मौज अशी कीं, ती मूळची लाल नाहींच. तो करड्या रंगाचा चुनखडक आहे. वरच्या थरांतील लोहाचा गंज पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून तिच्यावर चढला आहे. भारतीय प्रवाशाला दुसरेंहि एक नवल वाटतें. १८८० च्या सुमारास या प्रदेशाची पाहणी करणाऱ्या क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानें घळींतील शिखरांना विष्णुमंदिर, शिवमंदिर अशीं नांवें दिलीं, आणि तळाचा तो पुरातन खडक आज जगभरच्या ग्रंथांत विष्णूच्याच नांवानें ओळखला जातो.

या तळाशीं, नदीच्या उत्तर तीराला, एका ओढ्याच्या कांठीं दगडी केबिनांची एक लहानशी वसाहत आहे. फँटम रँच हें तिचें नांव. येथें पूर्वी तंबूंचा तळ असे. १९१३ सालीं थिओडोर रूझवेल्ट तेथें येऊन गेले, तेव्हां त्याला त्यांचें नांव पडलें. पुढें १९२२ सालीं मेरी कोल्टर या शिल्पकार बाईंनीं नव्या केबिनांचा आराखडा केला. मालकांना रूझवेल्टांचेंच नांव ठेवावयाचें होतें, पण बाईंनीं शेजारच्या ओढ्यावरून हें नांव सुचविलें आणि तेंच धरून ठेवलें, असें सांगतात. तेथवर गाडीची वाट तेव्हां नव्हती, आजहि नाहीं. दाराची चौकट, खिळा, खिडकीची कांच, सारें खेचरांच्या पाठीवरून उतरवावें लागे. जें उतरवावें लागत नव्हतें तें म्हणजे दगड. म्हणून बाईंनीं जागेवरचेच गोटे घेऊन भिंती उभ्या केल्या, आणि त्यामुळें तीं घरें कोणीं बांधलीं असें वाटण्याऐवजीं तेथेंच उगवलीं असें वाटतें. आजहि तेथील पाहुण्याचें अन्न खेचरावरून येतें, आणि त्याचा केरकचराहि खेचरावरूनच वर जातो. तेथून धाडलेल्या पत्रावर 'खेचराच्या डाकेनें' असा शिक्का उमटतो. जागा इतकी थोडी आणि मागणी इतकी मोठी कीं, केबिन कोणाला द्यावयाची हें पुष्कळ वर्षें चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची पद्धत पडली आहे. ज्यांना केबिन लाभत नाहीं ते जवळच्याच तळावर, आगाऊ परवाना काढून, तंबू ठोकतात.

या सुखामागें कोणाचे खांदे आहेत हेंहि पाहिलें पाहिजे. दक्षिणेकडून उतरणाऱ्याला नदीवरचा झुलता पूल ओलांडावा लागतो. तो १९२८ सालीं पुरा झाला. त्याचे लोखंडी दोर प्रत्येकीं सुमारें एक टन वजनाचे आणि साडेपांचशें फूट लांबीचे होते. एका खेचरावर तें ओझें लादतां येईना. तेव्हां हावासुपाई या तेथील मूळच्या जमातीचे ४२ पुरुष एका रांगेंत उभे राहिले, आणि एखादा लांबच लांब सर्प न्यावा तसा एकेक दोर खांद्यावर घेऊन वळणावळणाच्या वाटेनें खालीं उतरले. आणि त्याच १९२८ सालीं, वाटेच्या मध्यावर झऱ्याकांठीं ज्या मळ्यांत ही जमात पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली होती तेथून तिच्या शेवटच्या रहिवाशाला उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं घालवून दिलें. १९७५ च्या कायद्यानें या लोकांना १ लाख ८५ हजार एकर भूमि परत मिळाली; त्या मळ्याला मात्र 'हावासुपाई गार्डन्स' हें नांव मिळण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. मळ्याच्या सावलींत घटकाभर टेकणाऱ्या प्रवाशाला एवढें ठाऊक असणें वावगें नव्हे.

आतां उतरण्याविषयीं. दक्षिणेचा कांठ सुमारें सात हजार फुटांवर आहे. तेथें पाइनचीं झाडें, गार वारा, आणि हिवाळ्यांत बर्फ. तळ अडीच हजार फुटांच्याहि खालीं. सकाळीं वर अंगांत लोकरी कपडा असलेला माणूस दुपारीं खालीं पोहोंचतो तेव्हां उन्हाळ्यांत सावलींतला पारा फॅरनहाइटच्या शंभर अंशांपलीकडे गेलेला असतो, आणि खडक रात्रीं उशिरापर्यंत तापलेल्या तव्यासारखे राहतात. एक वाट सात मैलांची आहे. ती उभी उतरते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब नाहीं. दुसरी साडेनऊ मैलांहून थोडी अधिक. ती मळ्यावरून जाते. उतरण्यास जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढण्यास लागेल, असें धरून चालावें. उन्हाळ्यांत सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत चालूं नये, आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परत येण्याचें साहस करूं नये, असें उद्यानाचे रक्षक वारंवार बजावतात. तरीहि दर वर्षीं शेंकडों लोकांना तेथून सोडवून आणावें लागतें. आणि त्यांत वृद्ध व दुबळ्यांपेक्षां आपल्या ताकदीवर भरंवसा ठेवणारे तरुणच पुष्कळ असतात. दुबळा माणूस आधींच मागें फिरतो.

पाण्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तहान लागून माणसें मरतात हें सर्वांना समजतें. पण घामावाटे मीठ गेलेलें असतां नुसतें पाणीच पीत राहिल्यास रक्तांतील क्षार पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो, प्रसंगीं प्राणासहि मुकतो, हें पुष्कळांना समजत नाहीं. पाण्याबरोबर खारें कांहींतरी खात जावें असा तेथील उपदेश आहे. आपल्याकडे उन्हांतून आलेल्याच्या हातीं लिंबाच्या सरबतांत चिमूटभर मीठ टाकून देणाऱ्या आजीबाईंना तो नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती. तळाशीं पोहोंचल्यावर समोर नदी दिसते, तीहि फसवी आहे. १९६३ पासून वरच्या अंगास बांधलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल भागांतून पाणी येतें. गाळ मागें राहिल्यामुळें तें बहुधा हिरवट दिसतें आणि भर उन्हाळ्यांतहि हातपाय आखडण्याइतकें गार असतें. प्रवाह तर इतका ओढीचा कीं चांगला पोहणाराहि वाहून जावा. पाय बुडवावयाचे तर केबिनांजवळच्या ओढ्यांत बुडवावे.

नळाच्या पाण्यावरहि फार विसंबतां येत नाहीं. उत्तरेच्या कड्यांतील झऱ्यापासून दक्षिणेच्या कांठापर्यंत साडेबारा मैलांचा नळ १९६० नंतरच्या दशकांत टाकला गेला. तो वारंवार फुटतो. वाटेवरचे नळ मग एकाएकीं कोरडे पडतात. २०२३ सालीं त्याच्या पुनर्बांधणीचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें. निघण्यापूर्वी कोणता नळ चालू आहे याची चौकशी करणें आणि जवळ पुरेसें पाणी ठेवणें हें तेथें शिष्टाचाराइतकें नित्याचें झालें आहे.

अनुभवी पाहुणे म्हणूनच केबिनींत पहिल्या संध्याकाळीं लवकर निजतात. पहांटेच्या अंधारांत, हातीं विजेऱ्या घेऊन ते पूल ओलांडतात. वरच्या कांठावर पहिला तांबूस कवडसा पडतो तेव्हां ते अजून दरीच्या गार सावलींत चालत असतात. ऊन भिंतींवरून खालीं उतरत येतें, आणि तें मळ्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वी आपण तेथें पोहोंचावें एवढीच त्यांची धडपड असते. उन्हाळ्यांत पुष्कळजण तेथेंच झाडांखालीं थांबतात, खातात, झोप काढतात, आणि उरलेला साडेचार मैलांचा चढ सायंकाळीं चारनंतर चढूं लागतात.